डाव्या स्पीकरपुढचं कुंपण

४ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ. वि. वि.

तू पोचल्याचं कार्ड आज दुपारी मिळालं. वसतिगृहाच्या फाटकाशी एकच फोन आणि त्यापुढे भलीमोठी रांग, हे वाचून मला खरं तर बरंच वाटलं. फोनवर तुझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो आणि मग मी तुझं बोलणं सोडून आवाजातले दोषच ऐकत बसतो. रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रणाच्या काचेमागे बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाची ही खोड आता जायची नाही. तेव्हा हे सहा आठवडे आपण पत्रंच लिहू.

भिंगरी मजेत आहे. तू गेलीस त्या संध्याकाळी दाराकडे बघून थोडं ओठ काढणं झालं. मग सांभाळायला येणाऱ्या मावशींनी केळं कुस्करून भरवलं आणि बाईसाहेब तुला साफ विसरल्या. नऊ महिन्यांच्या माणसाकडून याहून जास्त निष्ठेची अपेक्षा धरू नकोस.

आता मुख्य विषय, म्हणजे माझी यंत्रं. टर्नटेबल कपाटाच्या डोक्यावर गेलं आहे. रेकॉर्ड लावायची तर मी स्टुलावर चढतो, आणि मावशी खाली हात पसरून उभ्या राहतात, जणू मी पडलो तर त्या झेलणार आहेत. ॲम्प्लिफायरचे काचेचे व्हॉल्व्ह तापतात, म्हणून तो पुस्तकांच्या वरच्या फळीवर ठेवला. वायरी सगळ्या नळीत घालून भिंतीला चिकटवल्या. राहिले दोन स्पीकर. ते माझ्या छातीइतके उंच, एकट्याला हलायचे नाहीत. त्यांच्यापुढे मी कुंपण घातलं आहे. एका बाजूला तुझ्या लहानपणच्या पलंगाचे कठडे, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचं टेबल आडवं करून, मध्ये सुतळीच्या गाठी. मला अभिमान वाटावा असं काम झालं होतं. तुझ्या लेकीने बरोबर दहा मिनिटांत त्यातली कच्ची गाठ शोधून काढली.

तिला गाण्याची फार ओढ आहे. रेकॉर्ड सुरू असली की घरात कुठेही असो, रांगत येते. यंत्र बंद असेल तर तिकडे ढुंकूनही बघत नाही. घराण्यात शेवटी एक कानसेन निघाली म्हणायची.

तू अभ्यास कर. मोजणीखात्यात कायमची जागा मिळणं म्हणजे चेष्टा नाही. इथली काळजी करू नकोस. आहे तसाच लोभ असू दे.

तुझा,
बाबा

*

११ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी मैदानात वाचलं, तिपाईला टेकून. आमचे गुरुजी त्यामुळे रागावले, कारण तिपाईवरची दुर्बीण अर्धा तास खपून समपातळीत आणलेली होती आणि माझ्या हसण्याने पातळी दाखवणारा बुडबुडा सरकला. सगळं पुन्हा करावं लागलं. दोष तुमच्या सुतळीचा, असं मी त्यांना सांगू शकले नाही.

इथे आम्ही अकरा जण आहोत, बायका दोघीच. सकाळी सातला निघतो, दिवसभर उन्हात पट्टी धरून उभं राहायचं आणि परत आल्यावर आकडे कागदावर चढवायचे. शेवटच्या आठवड्यात परीक्षा आहे. पास झाले की जागा पक्की. भिंगरीचे बाबा जहाजावरून जूनमध्ये उतरतील, तोवर मी कार्यालयात पक्की झालेली असेन, असं मनात घोळवत रात्री झोपते.

एक विचारू का, रागावणार नसाल तर. मी लहान असताना तुमच्या यंत्रांच्या खोलीत मला मज्जाव होता. मी दाराबाहेर फरशीवर बसून आतलं गाणं ऐकायची. आई म्हणायची, बाबा दमून आलेत, त्यांना त्यांचं ऐकू दे. मला त्याचा राग नव्हता, पण दार उघडेल असं दर वेळी वाटायचं. भिंगरीला निदान कुंपणापर्यंत तरी येऊ देताय, म्हणजे तुमच्यात बरीच सुधारणा आहे.

तिला रोज सकाळी माझं नाव घेऊन सांगत जा, आई अमुक दिवसांनी येणार म्हणून. ती काय करते ते मला लिहा. सगळं लिहा, साधंसुधंही. मला इथे त्यावरच दिवस काढायचे आहेत.

तुमची माया अशीच पाठीशी असू द्या.

तुमची,
ठकू

*

१९ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ. वि. वि.

सगळं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. वरचा डावा दात दिसू लागला आहे. उकडलेला बटाटा आवडतो, गाजर आवडत नाही, ते ती माझ्या सदऱ्याला पुसते. कठड्याला धरून उभी राहते आणि गुडघे हलवते.

तुझं नाव रोज घेतो. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघते आणि हसते.

मावशींची तक्रार आहे की हाक मारली तर ही वळून बघत नाही. त्यांचं म्हणणं, ही आजोबांवर गेली, कामात असली की जगाचं काही ऐकायचं नाही. परवा स्वयंपाकघरात ताटांची चळत मावशींच्या हातून सुटली. सगळा मजला दणाणला, शेजारच्या शिंपीणबाई काय झालं म्हणून दारात आल्या. भिंगरी झोपलेली होती म्हणून बरं, नाहीतर घाबरली असती.

कुंपण तिसऱ्यांदा बांधलं. आता कठड्यांना आतून पुठ्ठा लावला आहे, कारण ती फटीतून हात घालते. डाव्या स्पीकरचाच तिला सोस, उजव्याचा नाही. डावा भिंतीच्या कोपऱ्यात आहे, तिथे खालचे स्वर जास्त घुमतात. हात लाकडावर सपाट ठेवते आणि कधी गालही टेकवते. मावशींना ते फार गोड वाटतं.

तुझी परीक्षा किती तारखेला ते नक्की कळव. मन लावून अभ्यास कर, इतर काही मनात आणू नकोस. लोभात खंड नको.

बाबा

*

२७ जानेवारी

चि. ठकूस,
अ. आ.

हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण लिहितो. काल भिंगरीने कुंपण पाडलं आणि डाव्या स्पीकरच्या मधल्या भागात, जिथून बारीक स्वर निघतात, तिथे बोट खुपसलं. मोठ्या गुंडीएवढा रेशमी कापडाचा घुमट असतो, तो आत बसला. तुला ठाऊक आहे, हे स्पीकर मी निवृत्तीच्या वर्षी घेतले आणि असे पुन्हा मिळायचे नाहीत.

माझं वय झालं. तिच्यामागे धावणं मला होत नाही. मावशीही किती पुरणार. तू येऊन तिला घेऊन जावंस हे बरं. तुझ्या वरिष्ठांशी बोल, ते काही सवलत देतील.

रागावू नकोस.

बाबा

*

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

आम्ही घरी नीट पोचलो. बसमध्ये भिंगरी झोपून होती. तुम्ही फाटकापर्यंत आलात पण तिला कडेवर घेतलं नाहीत, हे मी पाहिलं.

सवलत मिळाली नाही. प्रशिक्षण मध्येच सोडणाऱ्याला परीक्षेला बसता येत नाही आणि पुढची तुकडी दोन वर्षांनी. गुरुजींनी मला विचारलं की घरी कोण आजारी आहे. मी काय सांगणार होते? एका स्पीकरला मार लागला आहे, असं? मी आजारी वडील म्हणून सांगितलं. तुमच्याबद्दल खोटं बोलले, त्याची माफी मागते.

सामान भरताना मी यंत्रांच्या खोलीत जाऊन आले. तो घुमट पाहिला. मला तो चांगला गोल दिसला, पण मला त्यातलं कळत नाही.

दोन आठवडे उरले होते, बाबा. तुम्ही त्या खोलीला कुलूप लावलं असतंत तरी चाललं असतं. पूर्वी लावायचात.

तब्येतीला जपा. सध्या मी पत्र लिहीन असं वाटत नाही.

ठकू

*

१४ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

साडेपाच महिन्यांनी लिहिते आहे. तुमची मधली चारही पत्रं मिळाली. त्यांत हवापाण्याखेरीज काही नव्हतं, म्हणून उत्तर दिलं नाही. आज लिहिते आहे, कारण ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

भिंगरीला ऐकू येत नाही. जन्मापासूनच येत नसावं.

लस टोचायला नेलं होतं. सुईकडे तिचं लक्ष जाऊ नये म्हणून तिथल्या परिचारिकेने तिच्या मागे उभं राहून चुटकी वाजवली, मग टाळी वाजवली, मग ट्रेवर चमचा आपटला. माझ्याकडे बघून तिने हळूच विचारलं की ही घरी हाकेला वळते का. मी वळते म्हणाले. घरी आले, पाठमोरी खेळत असताना हाक मारली आणि मग पुन्हा पुन्हा मारत राहिले. एवढे महिने मी तिच्यासमोर बसूनच बोलत होते, तिला हट्टी म्हणत होते, माझ्यावरच गेली म्हणून कौतुकही करत होते.

मोठ्या दवाखान्यात ९ तारखेला तपासणी झाली. तिला झोपवून डोक्याला बारीक वायरी चिकटवल्या. कागदावर रेघा उमटल्या त्या जवळजवळ सपाट. दोन्ही कान. अगदी खालचे, जाड आवाज फार मोठे केले तर थोडेसे पोचतात, बाकी नाही. यंत्रं लावायची, ती पुरली नाहीत तर शस्त्रक्रियेचं बघायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या चांगल्या आहेत. पण त्यांनी हेही सांगितलं की पहिल्या वर्षात डोकं आवाज शिकत असतं, तेव्हा आला असतात तर फार फरक पडला असता.

घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, माझे वडील ध्वनिमुद्रक आहेत, आयुष्यभर कानांनी काम केलेला माणूस. जानेवारीत ती महिनाभर त्यांच्याकडेच होती. काही असतं तर त्यांना सगळ्यात आधी कळलं असतं.

तिचे बाबा उतरले आहेत, ऑगस्टात पुन्हा जातील. ते रात्रंदिवस तिला उचलून फिरतात. मी ठीक आहे.

तुमची,
ठकू

*

१८ जुलै

चि. ठकू,

आज आशीर्वाद लिहायला हात पुढे होत नाही. आधी सांगायचं ते सांगतो, मग तू ठरव.

मला कळलं होतं.

१७ जानेवारीला ताटं पडली तेव्हा भिंगरी झोपलेली नव्हती. मी तुला खोटं लिहिलं. ती माझ्यापुढे चार हात अंतरावर बसून पुठ्ठ्याचा डबा उघडत होती. मी स्वतः दचकलो. तिची पापणीसुद्धा हलली नाही. शेजारीण दारात आली, तिची सावली जमिनीवर पडली, तेव्हा मात्र तिने लगेच मान वर केली.

त्या दिवसापासून मी तपासत होतो. जुनं स्वर काढायचं यंत्र माळ्यावरून उतरवलं. तिच्या मागे बसून एकेक स्वर लावायचा, पातळ, मधला, जाड, आणि वहीत लिहायचं, जसं मी कामावर माइक तपासताना लिहीत असे. दहा दिवस लिहिलं. रोज तेच उत्तर. फक्त सगळ्यात खालच्या स्वरांना ती वळायची, तेही हात जमिनीवर किंवा लाकडावर असला तर. म्हणजे ती ऐकत नव्हती. थरथर हाताला लागत होती. डाव्या स्पीकरकडे ती का जायची हे मला पहिल्याच दिवशी समजलं, आणि ते समजल्यानंतरही मी कुंपणाला पुठ्ठा लावला. का लावला ते माझं मलाही सांगता येत नाही. तिने गाल टेकवलेला मला बघवत नव्हता, एवढं खरं.

२७ तारखेचं पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्हींत खरं होतं. ती फाडली. मनाला सांगितलं की ठकूची परीक्षा जवळ आली आहे, आत्ता नको. पण परीक्षेची एवढी काळजी असती तर तुला बोलावून घेतलं नसतं. खरी गोष्ट अशी की मला ती घरात नको होती. ती समोर असली की दर तासाला मला ते नव्याने कळायचं. तू तिला घेऊन गेलीस, फाटक लागलं, आणि मला हलकं वाटलं. हे वाचून तू मला काय म्हणशील ते मी रोज स्वतःला म्हणत आलो आहे.

स्पीकरचा घुमट तुला गोल दिसला, कारण तो गोलच होता. चिकटपट्टीने हलकेच ओढला की तो बाहेर येतो, पाच मिनिटांचं काम. मी ते त्याच दुपारी केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी बसून तुला ते पत्र लिहिलं.

मग वाटलं, तू आई आहेस, तुझ्या लक्षात येईलच, आठवड्यात नाहीतर महिन्यात. पोस्टमनची वाट बघायचो आणि तो आला की दार उघडायला घाबरायचो. चार पत्रं लिहिली, चारही वेळा लेखणी तिथे येऊन थांबली. प्रत्येक महिना गेला तसं सांगणं आणखी अवघड होत गेलं, कारण आता आधी का सांगितलं नाही याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

तू डॉक्टरीणबाईंना माझ्याबद्दल जे म्हणालीस ते मी एकदाच वाचलं. पुन्हा वाचवलं नाही.

तुझी जागा गेली ती माझ्यामुळे. पोरीचे महिने गेले ते माझ्यामुळे. क्षमा मागण्याइतकाही माझा हक्क राहिलेला नाही. दहा दिवसांची ती वही सोबत पाठवतो आहे, तारखा आणि स्वर नीट लिहिले आहेत. डॉक्टरीणबाईंना काही उपयोग झाला तर बघ.

बाबा

*

३० जुलै

ती. बाबांस,

तुमचं पत्र २१ ला आलं. पहिल्या दिवशी मी ते यांना दिलं आणि म्हणाले, वाचा, मला काही सुचत नाही. यांनी वाचून घडी घातली आणि फाडू का म्हणून विचारलं. मी नको म्हणाले. मग नऊ दिवस काहीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुमच्याने वाचवलं नसतं.

२७ जानेवारी ते ९ जुलै, १६३ दिवस होतात. मी मोजणीखात्यातली, मोजल्याशिवाय राहवत नाही. जागा गेल्याचा राग मी एवढे दिवस धरून होते, तो आता कुठे शोधूनही सापडत नाही. त्याच्या जागी दुसरा आला आहे आणि तो मोठा आहे. तुम्ही घाबरलात हे मला समजतं. मीही घाबरलेच. पण मला घाबरायला तुम्ही हवे होतात शेजारी, आणि तुम्ही मला एकटीला पाठवून दिलंत.

तुमची वही डॉक्टरीणबाईंनी पंधरा मिनिटं बघितली. दवाखान्याच्या कागदाशी ती जुळते, जवळजवळ स्वरास स्वर. त्या म्हणाल्या, हे कुणी केलं, फार काळजीपूर्वक केलं आहे. यांनी सांगितलं, हिच्या वडिलांनी.

यंत्रं परवा बसवली. पहिल्या दिवशी तिने ती ओढून काढली आणि चघळली. काल दोन तास राहिली. दार आपटलं तेव्हा ती एकदा थांबल्यासारखी वाटली, पण ते मला वाटलं की खरंच झालं, हे मला सांगता येत नाही. तिथेच माझी अडचण आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्याजवळ बसून वेगवेगळे आवाज काढायचे, कशाला वळली, कशाला नाही, हे लिहून ठेवायचं आणि त्यावरून यंत्रं कमीजास्त करून घ्यायची, असं महिनोन्‌महिने चालणार आहे. मी करून पाहिलं. माझ्या मनात आशा इतकी असते की मला ती प्रत्येक आवाजाला वळलेली दिसते. हे १२ ऑगस्टला जहाजावर जातील.

तुम्ही १० तारखेपर्यंत या. तुमची खाट मधल्या खोलीत टाकली आहे, खिडकीखाली. जागा अपुरी आहे, पाय थोडे बाहेर राहतील.

मात्र एक कबूल करूनच बसमध्ये बसा. दिवसभरात जे काही दिसेल ते त्याच दिवशी मला सांगायचं. मी दमलेली असले तरी, रडणार असले तरी, तुम्हाला सांगवत नसलं तरी. तुम्ही गप्प बसलात असं मला एकदा जरी कळलं तरी मी तुम्हाला बसस्टँडवर सोडून येईन, आणि तेव्हा मला वाईट वाटणार नाही.

क्षमा केली असं मी लिहीत नाही, कारण अजून केलेली नाही. लोभ मात्र कुठे गेलेला नाही. तो नसता तर मी एवढी चिडले नसते.

सकाळची बस घ्या. मी तिला घेऊन तुम्हाला न्यायला येते.

ठकू